बनवलेल्या कोडला हात लावायचा नाही

— नाही, सही नाकारत नाहीये मी. वाचतेय. 'संपूर्ण वाचून सही केली' असं तुम्हीच खाली छापलंय ना — मग वाचू द्या की. बसा. ती नको, तिचा पाय डुगडुगतो, ती दुसरी खुर्ची ओढा. चार पानांचा तर अहवाल आहे, साहेब, पण मी दुसऱ्या पानावर अडकलेय, एका शब्दावर. खरंच सांगते. तुम्ही चौकशी अधिकारी, मालकांनी बाहेरून नेमलेले, तीन आठवडे राबलात, सगळ्यांशी बोललात, हॉस्पिटलात जाऊन लिफ्टचा उंबरा मोजून आलात — फुटपट्टी घेऊन गेला होतात म्हणे, फिटर सांगत होता — आणि एवढं सगळं करून लिहिलंत काय, तर 'मॉडेल म्हणजे सॉफ्टवेअरची माहितीपर चित्रे'. चित्रे. अहो, बावीस वर्षं मी या एका शब्दाशी भांडतेय. आमच्या सासूबाई शेवटपर्यंत शेजारणींना सांगायच्या, सूनबाई लिफ्टच्या कंपनीत चित्रं काढते. नणंद विचारायची, वहिनी, रंगही तुम्हीच भरता का? त्यांचं मी हसण्यावारी नेलं, त्या काही चौकशीला नव्हत्या बसल्या. तुम्ही बसलात. तुमच्या या कागदावरून कोणाची नोकरी जायची ते ठरणार आहे.

चित्र भिंतीवर टांगतात आणि विसरतात. मॉडेल म्हणजे काय — वही ठेवा खाली, लिहिण्यासारखं काही नाही, नुसतं ऐका — लिफ्ट कायकाय करत असू शकते? थांबलेली आहे, चढतेय, उतरतेय, दार उघडतंय, दारात काहीतरी अडलंय. आता यातल्या कुठून कुठे जायचं, कधी जायचं आणि कधी काही झालं तरी जायचं नाही, हे सगळं ठरलेल्या खुणांनी मांडायचं. इतकं नेमकं मांडायचं की त्यालाच प्रश्न विचारता आला पाहिजे. दार सताड उघडं असताना ही लिफ्ट मजला सोडेल का? विचारा, ते उत्तर देतं. वीज गेली, परत आली, तेवढ्यात कोणी बटण दाबलं — मग? तेही सांगतं. चित्राला विचारून बघा असं काही. आणि मग त्या मॉडेलवरून कोड बनतो. माणूस नाही लिहीत तो. आमच्याकडे त्यासाठी सॉफ्टवेअर आहे, त्याला आम्ही जनरेटर म्हणतो — मालकांना या शब्दाबरोबर डिझेलचा वास येतो, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं होतं, गच्चीवर ठेवणार की तळघरात — तर तो जनरेटर मॉडेल वाचतो, कोड लिहितो आणि तो कोड लिफ्टच्या डोक्यात जातो. बाकी लिफ्ट म्हणजे लोखंडाची खोली आणि दोरखंड.

आता ही पुढची ओळ बघा. 'कोड यंत्राद्वारे तयार होत असल्याने त्यात मानवी चुकीस वाव नसतो.' आणि सहा ओळी खाली — 'प्रस्तुत अपघातास सदर पद्धत कारणीभूत आहे.' म्हणजे हिच्या हातून चूक होऊच शकत नाही, आणि झाली ती हिचीच. दोन्ही वाक्यं एकाच माणसाने लिहिली, एकाच दिवशी, मधे चहासुद्धा घेतला नसेल. नाही, चिडत नाहीये. किळस आलीय, चिडणं वेगळं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, एवढं साधं आहे हे. मॉडेलमध्ये जे नाही ते कोडमध्ये येत नाही. आणि मॉडेलमध्ये चूक असली तर ती मात्र येते, इमानेइतबारे येते, काना-मात्रा न गाळता येते, आणि जितक्या लिफ्टांत तो कोड जाईल तितक्यांत एकदम येते. जनरेटरला अक्कल नसते. त्याला असतो तो प्रामाणिकपणा, आणि तेवढाच असतो. हे तुमच्या मालकांना — म्हणजे आमच्या मालकांना — मी किती वेळा सांगितलं असेल? पण त्यांनी ऐकलं कोणाचं, तर ते सॉफ्टवेअर विकायला आलेल्या त्या गुळगुळीत माणसाचं. 'तुम्ही फक्त चौकोन काढा, बाण काढा, पुढचं सगळं आपोआप.' मालकांच्या कानात फक्त 'आपोआप' शिरलं. दुसऱ्या महिन्यात सात प्रोग्रामरांपैकी पाच जण घरी. चौकोनच काढायचेत तर माणसं कशाला पोसायची? आता त्या जनरेटरला शिकवायचं कोणी — हा ब्रेक असा धरतो, ती मोटर तशी सुटते, या मजल्यावरचा सेन्सर उशिरा बोलतो — ते नियम काय आभाळातून पडतात? ते लिहिणं साध्या कोडपेक्षा दुप्पट अवघड. मालक उंटावरून शेळ्या हाकत राहिले आणि आम्ही तीन माणसं खाली शेळ्या सांभाळत राहिलो — मी, उंच्या आणि मौनी.

मौनी म्हणजे तुमचा तो 'संबंधित कनिष्ठ अभियंता'. कनिष्ठ. चव्वेचाळीस वर्षांचा आहे तो, कानशिलं पांढरी झालीत. मौनी हे नाव आम्ही ठेवलं, महिन्याला दहाबारा वाक्यं बोलतो म्हणून. पहिल्या वर्षी मला वाटलं शिष्ट आहे. मग एकदा बघितलं, जिना झाडणाऱ्या बाई समोरून आल्या की हा भिंतीला चिकटून उभा राहतो, झाडलेल्यावर पाय पडू नये म्हणून. असा माणूस. आणि त्याच्याबद्दल तुम्ही लिहिता, 'निष्काळजीपणे नव्याने कोड तयार करून बसवला'. निष्काळजीपणे — हा शब्द कोणी सुचवला तुम्हाला? नका सांगू. मला माहितीये.

तो शनिवार तुम्ही कागदावर वाचलाय, मी सांगते काय झालं ते. सकाळचे अकरा. पलंग नेण्याची मोठी लिफ्ट, तिसरा मजला. वॉर्डमधले ते मामा — सगळं हॉस्पिटल त्यांना मामाच म्हणतं, एकतीस वर्षं पलंग ढकलतायत — एका आजींना घेऊन निघाले होते. आजींच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं. पुढची चाकं लिफ्टमध्ये गेली, मागची बाहेर, आणि वजन पडलं तशी लिफ्ट दोन बोटं खाली बसली. बसतेच. दोरखंड ताणतात, त्यात काही विशेष नाही. मग लिफ्ट काय करते, स्वतःला परत मजल्याच्या बरोबरीला आणते, दार उघडं असतानाच. त्यालाही परवानगी असते, नाहीतर उंबऱ्याला पायरी तयार होईल आणि माणसं ठेचकाळतील. पण त्या वेळी एक चाक दोन उंबऱ्यांच्या फटीत होतं. लिफ्ट वर आली, चाक फटीत धरलं गेलं, पलंग पिळवटला आणि कलंडला. मामांनी पलंग सोडला आणि आजींना धरलं. आजींना खरचटलंसुद्धा नाही. पलंगाची लोखंडी चौकट मामांच्या नडगीवर पडली, दोन ठिकाणी हाड मोडलं. डॉक्टर म्हणतात, पुढे काठी घेऊनच चालायचं. पलंग काही पुन्हा ढकलता येणार नाही. आणि तुम्ही पान तीनवर लिहिलंय — हे इथे, चष्मा नसतानाही दिसतंय मला — 'कर्मचाऱ्याने पलंग काहीसा तिरका ढकलल्याचेही नाकारता येत नाही'. नाकारता येत नाही म्हणे. नाचता येईना अंगण वाकडं ऐकलं होतं, इथे नाचायला येईना तर बघणाऱ्याचे पाय मोडायचे. काय पण भाषा आहे. कोणाच्याही अंगाला लागू नये म्हणून केलेली भाषा, आणि लागते ती बरोबर त्यालाच, ज्याच्या पायाला प्लास्टर आहे.

मी गेले होते त्यांना बघायला. हो, मी. नोंद नसेल तुमच्याकडे. फळं वगैरे काही नेलं नाही, लाज वाटली. त्यांची बायको उठली, मला बसायला स्टूल दिलं. मामा म्हणाले, बाई, कंपनीतून कोणी आलं नव्हतं, तुम्ही आलात. आणि मग खालच्या आवाजात, बायको पाणी आणायला गेली तेवढ्यात, मला विचारलं — 'बाई, खरं सांगा, माझंच चाक वाकडं गेलं का? तीस वर्षांत कधी गेलं नाही, पण वय झालं आता.' मी म्हटलं, नाही हो मामा. तेवढंच म्हटलं. नाही हो मामा. आणि पाणी पिऊन निघून आले.

तुम्ही घड्याळ बघताय. बघा. मालक पाच वाजता तुमची वाट बघतायत, मला कल्पना आहे. पण या वाक्यावरून मी पुढे जाणार नाही — पान तीन, तळाला. 'यंत्राने तयार केलेल्या कोडमध्ये स्थानिक गरजेनुसार हाताने किरकोळ बदल करता येतात व ती सर्वमान्य प्रथा आहे.' सर्वमान्य. कोणी मान्य केली? कुठल्या शहाण्याने तुम्हाला हे सांगितलं? अहो, बाकीच्या तुमच्या चुका अडाणीपणाच्या आहेत, ही मारक आहे. जनरेटर जेव्हा पुन्हा कोड बनवतो तेव्हा तो आधीचा कोड वाचतही नाही. तो मॉडेल वाचतो, आणि जुनं सगळं पुसून नवं लिहितो. तुम्ही मधे हाताने चार ओळी घातल्या असतील, त्या गेल्या. तो सांगत नाही, विचारत नाही, त्याला माहीतच नसतं त्या तिथे होत्या. आणि चाचण्या? चाचण्याही मॉडेलवरूनच बनतात. मॉडेलला जे माहीत नाही ते चाचणी विचारणार कशी? सगळ्या हिरव्या येतात. म्हणून बदल करायचा तो मॉडेलमध्ये, तिथे तपासायचा, मग नवा कोड बनवायचा, मग इथे खाली चाचणीची लिफ्ट आहे तिच्यावर चालवायचा, मग सही. दीड दिवस लागतो. लागतो तर लागू दे. त्या कोडला हात लावायचा नाही म्हणजे नाही.

यासाठीच मी उंच्याला काढला. गेल्या वर्षी. सहा फूट दोन इंच, दारातून वाकून यायचा. एका ऑफिसच्या लिफ्टमध्ये दिव्याचा रंग बदलायचा होता, नुसता दिवा, बटणातला. त्याने कोडमध्ये हाताने बदलला. पुढच्या खेपेला दिवा परत जुन्या रंगाचा. कोणाला काही झालं नाही. मी त्याला या इथे, तुम्ही बसलाय तिथेच बसवून सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस. तो म्हणाला, एका दिव्यासाठी? मी म्हटलं, आज दिवा, उद्या ब्रेक. बरोबर बोलले होते की नाही? बरोबरच बोलले होते. त्याच्या दुसऱ्या मुलीचं बारसंही व्हायचं होतं तेव्हा. सगळ्या कंपनीला कळलं, बाई बोलतात तसं करतात. मला बरं वाटलं. हो, वाटलं बरं, खोटं कशाला बोलू.

— काय? कोणत्या चार ओळी?

मी म्हटलं का 'चार ओळी'? उदाहरण म्हणून म्हटलं असेल. चार काय, पाच काय.

पाणी घ्या. तुमच्या मागे आहे जग.

बरं. लिहायला घेतलंच आहे तुम्ही, तर नीट ऐका. ती लिफ्ट सुरू करायच्या आदल्या दिवशी मी तिथे होते. दुपारी. गच्चीवर लिफ्टची मोटर असते ती खोली, तिथे उकडत होतं, रंगाचा एक डबा पालथा घालून त्यावर लॅपटॉप ठेवला होता. फिटर खाली तिसऱ्या मजल्यावर. रिकाम्या पलंगावर वाळूची पोती टाकून आत-बाहेर करत होता, फोनवर मला सांगत होता. पाचव्या की सहाव्या वेळी म्हणाला, बाई, जरा खाली या. गेले. चाक फटीत होतं आणि पलंग तिरका झाला होता. एक पोतं घसरून जमिनीवर फुटलेलं. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं ते, साहेब. माणूस असता तर पडला असता, हे मला तेव्हाच कळलं. मॉडेलमध्ये ते नव्हतं. आम्ही विचारच केला नव्हता, की लिफ्ट पातळीला येत असताना दारात कोणी असेल तर काय. मॉडेल माझं, तो विचार करणं माझं काम. आणि उपाय सोपा होता — दारातल्या सेन्सरचा किरण अडलेला असेल तोवर पातळी साधायची नाही, थांबायचं. चार ओळी.

आता तुम्ही म्हणाल, दीड दिवस थांबायचं होतं. थांबायचंच होतं. पण त्यांची जुनी लिफ्ट महिनाभर बंद होती, रोगी खुर्चीत बांधून जिन्याने उतरवत होते, मी जाताना एकाला बघितलं होतं — वरती दोघं, खाली दोघं, आणि मधे तो डोळे मिटून. दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू करायचं ठरलं होतं. मी वर गेले आणि त्या पालथ्या डब्यावर, बनवलेल्या कोडमध्ये, चार ओळी हाताने घातल्या. फिटरने परत पोती ढकलली. लिफ्ट थांबली, हलली नाही. मी म्हटलं, सोमवारी मॉडेलमध्ये घालते. घाईचं ते कारण खरं होतं, मी नाकारत नाही. पण ते कारण एका दिवसाचं होतं. सोमवार उजाडला की ते संपलं.

सोमवारी काय होतं सांगू? सोमवारी माझं भाषण होतं. कंपनीच्या तिन्ही शाखांमधून तीस माणसं बोलावली होती, मालक पहिल्या रांगेत, विषय — 'मॉडेलवरून सॉफ्टवेअर बनवण्याबद्दलचे गैरसमज'. माझाच विषय. चित्रं नाहीत ही, म्हटलं. आपोआप काही होत नाही, म्हटलं. आणि शेवटी म्हटलं, बनवलेल्या कोडला हात लावणाऱ्याला माझ्या विभागात जागा नाही. टाळ्या पडल्या. मौनीनेसुद्धा वाजवल्या. आणि टाळ्या पडत असताना मला ते पोतं आठवलं. विसरले होते असं नाही हं, तसं लिहू नका. विसरले असते तर बरं झालं असतं. आठवलं, आणि मी हसून मान लववली. कोरडे पाषाण म्हणतात ना, ते असं दिसतं, व्यासपीठावर उभं असतं आणि त्याच्या हातात फुलं असतात.

त्यानंतर का नाही घातलं? कारण मॉडेलमध्ये बदल केला की तिथे नोंद होते. कोणी, कधी, कशासाठी. 'कशासाठी' हा रकाना रिकामा सोडता येत नाही, तो मीच सक्तीचा करून घेतलाय. तिथे मी लिहिणार काय? पोतं पडलेलं बघितलं, आणि तरी? त्याच्या खाली माझं नाव, आणि तारीख भाषणानंतरची? उंच्याला कळलं असतं. तो आता दुसरीकडे आहे, पण या गोष्टी कळतात. मी म्हटलं, एखादा दुसरा बदल येईल, त्याच्या पोटात हा घालू, कोणाला दिसणार नाही. वाट बघत राहिले. एक आठवडा, दोन आठवडे. मग मी त्याचा विचार करणंच सोडलं. ते फार सोपं असतं. कोणी सांगितलं कठीण असतं म्हणून?

सातव्या आठवड्यात हॉस्पिटलने मागितलं, लिफ्टने मजल्याचा आकडा बोलून दाखवावा, आंधळ्या माणसांसाठी. मी त्या आठवड्यात रजेवर, बहिणीकडे. मौनीने केलं ते. मी शिकवलं तसंच केलं, अक्षरन् अक्षर. मॉडेलमध्ये घातलं, तपासलं, नवा कोड बनवला, खाली चाचणीच्या लिफ्टवर दोन दिवस चालवला, सगळं हिरवं, सही, गुरुवारी बसवला. शनिवारी मामा. अख्ख्या कंपनीत एकाच माणसाने नियम पाळला, आणि तुमच्या अहवालात निष्काळजी कोण, तर तो. चोर सोडून संन्याशाला सुळी. आणि चोर इथे बसून तुमच्या व्याकरणाला नावं ठेवतोय.

त्याला माहीत आहे. मौनीला. अपघातानंतर चौथ्या दिवशी आला, त्या दारात उभा राहिला. हॉस्पिटलच्या लिफ्टमधून जुना कोड काढून ठेवला होता त्याने, बसवण्याआधी. ठेवतोच तो, नियमच आहे. तो आणि नवा शेजारी शेजारी ठेवून बघितला असणार. माझ्या टेबलावर एक पान ठेवलं, चार ओळींभोवती पेन्सिलीने रेघ. नाव कुठे नव्हतं, पण बावीस वर्षांत माझा हात तो ओळखणार नाही का? मी वर बघितलं. मला वाटलं, आता बोलेल. बोलला नाही. पान ठेवलं आणि गेला. आणि तुमच्यासमोरही बोलला नाही, हो ना? तुम्ही लिहिलंय, 'संबंधिताने समाधानकारक खुलासा केला नाही'. तीन आठवडे निलंबित होऊन घरी बसलाय आणि खुलासा केला नाही. मला तेव्हा काय वाटलं सांगू? कृतज्ञता वगैरे काही नाही. मला त्याची शिसारी आली. त्याच्या त्या चांगुलपणाची. वाटलं, ओरड की मेल्या. मालकांकडे जा, फळ्यावर लाव ते पान. तू गप्प बसलास म्हणजे आता मला बोलावं लागणार.

पान इथे आहे, खणात. हे घ्या. रेघ त्याची, ओळी माझ्या.

— नाही, का म्हणून? का म्हणून ठेवू परत? माझी निवृत्ती आठ महिन्यांवर आहे हे मला तुम्ही सांगायला नको, माझे गुडघेच सांगतात. आणि मालकांना काय सोयीचं आहे तेही कळतं मला. 'पद्धत सदोष' म्हटलं की कोणीच दोषी नाही, पद्धतीला काय, ती बाहेर काढली तर रडत नाही. तो गुळगुळीत माणूस पुन्हा येईल, नव्या नावाचं काहीतरी विकेल, त्यातही 'आपोआप' असेल. मौनी जाईल. मामा उरलेलं आयुष्य समजत राहतील की चाक आपलंच वाकडं गेलं. आणि मी हार घालून घरी जाईन. नको. मला माझी इतकी किळस येतेय गेले तीन आठवडे, की जेवताना ताट पुढे ओढवत नाही. आमचे हे विचारतात, पित्त झालंय का. म्हटलं, हो, पित्त.

तुम्ही नाही लिहिणार? मग द्या इकडे तो अहवाल. शेवटच्या पानाच्या मागे कोरी जागा आहे, तेवढी पुरे. वाचून दाखवते म्हणजे नंतर तुमची पंचाईत नको. 'लिफ्टच्या मॉडेलमधील त्रुटी मला लिफ्ट सुरू होण्याच्या आदल्या दिवशी दिसली. मी ती मॉडेलमध्ये दुरुस्त केली नाही, तयार कोडमध्ये हाताने केली, आणि आजपर्यंत लपवली. कोड पुन्हा बनवणाऱ्या अभियंत्याने आणि पलंग नेणाऱ्या कर्मचाऱ्याने कोणतीही चूक केलेली नाही. पद्धतीत दोष नाही.' — नाही, हे शेवटचं खोडते. पद्धतीत दोष आहे. माझ्यासारख्या माणसावर देखरेख ठेवायला तिच्यात कोणी नव्हतं. हं. सही. तारीख. आता हे मालकांना जसंच्या तसं द्या. मी एक फोटो काढून ठेवतेय, वाईट वाटून घेऊ नका, तुमच्यावर अविश्वास आहे एवढंच.

थांबा, एकच फोन. तुमच्यादेखत करते, साक्षीला राहा. उचलेल की नाही... वाजतोय. हं — हॅलो. अरे, मी. हो. ऐक, चौकशीचे साहेब माझ्यासमोर बसलेत. सांगितलं मी. सगळं, पोत्यापासून. लिहूनही दिलं, सही केली, तुझं नाव मोकळं झालं. ऐकतोयस ना? आता मामांकडे जाणार आहे, त्यांनाही सांगते. तू सोमवारपासून ये, बाबा. ती लिफ्ट बंदच आहे, त्या चार ओळी मॉडेलमध्ये घालायच्या राहिल्यात अजून, त्या तूच घाल, माझा हात नको त्याला. आणि हे बघ — मला आधीच — हॅलो?

हॅलो.

नाही, रेंज आहे. चार दांड्या दिसतायत.

ठेवला त्याने.

तुम्ही निघा, साहेब. पाच वाजत आले. दार ओढून घ्या, नीट लागत नाही ते, जोर लावावा लागतो.